अभ्यासाची घडी

अव्यवस्थित मुलाला नावे ठेवण्यासाठी आपल्या मराठी भाषेत विशेषणांची मुळीच वाण नाही. गबाळा, वेंधळा, धांदरट, विसरभोळा, अजागळ, चालढकल करणारा... घरातील वडीलधारी माणसे आणि शाळेतील शिक्षक ही विशेषणे इतक्या सहजपणे वापरतात की जणू काही ती सारी एकाच अर्थाची आहेत. वास्तविक तशी ती नाहीत. ज्याच्या वस्तू कधीच जागेवर नसतात तो गबाळा. ज्याचे लक्ष हातातील कामावर नसते तो वेंधळा. काम कसेबसे उरकण्याच्या घाईत जो त्याचे शेवटचे टोक विसरतो तो धांदरट. आणि ज्याच्या हातून कामाला आरंभच होत नाही तो चालढकल करणारा. ही चार निरनिराळी दुखणी आहेत. कित्येकदा ती एकाच मुलाच्या ठिकाणी नांदतात हे खरे. परंतु आपण मात्र या चारही दुखण्यांवर एकच औषध देत आलो आहोत, आणि ते म्हणजे "जरा नीट वागायला शीक" हे वाक्य.

हे औषध लागू पडत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते का लागू पडत नाही आणि त्याच्याऐवजी काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्यापैकी अनेकांना धाकटी भावंडे आहेत, काहीजण शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेतात, तर काहीजण उद्या शिक्षक होणार आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ मानसशास्त्राच्या तासापुरता नाही.

एका दप्तराची झडती

या विषयाकडे मी वळले ती माझ्या धाकट्या भावामुळे. तो आठवीत होता. पहिल्या सत्राच्या अखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला : "गृहपाठ करत नाही. अभ्यासाकडे दुर्लक्ष." घरात जे व्हायचे ते झाले. वडील रागावले, आईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मोठी बहीण या नात्याने त्याचा अभ्यास घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याचे दप्तर सतरंजीवर उपडे केले. त्यातून गणिताच्या तीन वह्या निघाल्या. तिन्हींची पहिली सात-आठ पानेच तेवढी लिहिलेली होती. इतिहासाची वही नव्हतीच. कंपासपेटीत कर्कटक होते, पण पेन्सिल नव्हती. टोपण नसलेली पेने निघाली आणि पेन नसलेली टोपणेही निघाली. सहल होऊन दोन महिने झाले होते, तिची सूचना पालकांच्या सहीविना तशीच पडली होती. आणि सर्वांत तळाशी, पुस्तकाच्या भाराने चुरगळलेले चार सुटे कागद होते. तो विज्ञानाचा गृहपाठ होता. पूर्ण केलेला, आकृत्या काढलेला, नावे दिलेला. ज्याबद्दल "गृहपाठ केला नाही" अशी नोंद झाली होती, तोच हा गृहपाठ.

"अरे, मग दिला का नाहीस?" मी विचारले.

"मागितला तेव्हा सापडला नाही, ताई."

"पण केलाय म्हणून सांगायचं तरी!"

"कुणाला खरं वाटलं असतं?" तो म्हणाला, आणि थोडे थांबून, अगदी साध्या आवाजात, "मी वेंधळाच आहे ना."

या शेवटच्या वाक्याने मी चपापले. चुरगळलेले कागद पुन्हा सारखे करता येतात. पण तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःविषयी असा निकाल देऊन टाकला, तर तो पुसणे कठीण असते. जो स्वतःला वेंधळा समजू लागला, तो सुधारण्याचा प्रयत्न तरी कशासाठी करील? व्यवस्थितपणा हा जन्मजात स्वभाव आहे, अशी आपली समजूत असते; आणि हीच समजूत त्यालाही आपण नकळत देऊन टाकलेली असते. वस्तुतः व्यवस्थितपणा ही पोहण्यासारखी किंवा सायकल चालवण्यासारखी एक शिकावयाची विद्या आहे. जी विद्या आपण शिकवलीच नाही, ती येत नाही म्हणून मुलाला दोष देणे न्यायाचे होणार नाही.

मुलगेच अधिक का?

मुलीही अव्यवस्थित असतात आणि पुष्कळ मुलगे अत्यंत टापटिपीचे असतात, हे आधीच मान्य केले पाहिजे. तरीही शाळेत वही हरवणाऱ्यांत मुलगे अधिक असतात, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील आठवीच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मुली मुलांच्या पुढे नव्हत्या. परंतु वर्षभराच्या गुणांत त्या पुढे होत्या, आणि आत्मशिस्तीच्या बाबतीतही त्या पुढे असल्याचे आढळले. म्हणजे फरक होता तो बुद्धीचा नव्हे, तर ती बुद्धी रोजच्या कामाला जुंपण्याचा.

हा फरक कोठून येतो? मेंदूच्या वाढीच्या वेगाचा त्यात काही भाग असू शकेल. परंतु आपल्या घरांपुरते पाहिले तर आणखी एक कारण डोळ्यांसमोरच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी घरातील बिनमोबदल्याच्या कामात दिवसभरात सहभागी होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के, तर पुरुषांचे २६.१ टक्के होते. या आकड्यांचा अर्थ सहसा आपण स्त्रियांवरील कामाच्या ओझ्याच्या दृष्टीने लावतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याला दुसरी बाजूही आहे. घरकाम म्हणजे वस्तू जागेवर ठेवणे, पुढच्या वेळेचा अंदाज घेणे, एकाच वेळी दोन-तीन कामांचे भान राखणे. जिला हे लहानपणापासून करावे लागते तिला ओझ्याबरोबर एक शिक्षणही मिळते. आणि ज्याला त्यातून सूट मिळते तो त्या शिक्षणालाही मुकतो.

माझ्याच घरात पाहा. आठवीत असताना मी माझे दप्तर भरीत होतेच, पण भावाची पाण्याची बाटलीही भरून ठेवीत होते. त्याचा डबा आई दप्तरात ठेवी, गणवेश मी काढून ठेवी, आणि विसरलेली वही वडील शाळेत नेऊन देत. अलीकडे तर गृहपाठाच्या सूचना अनेक शाळांतून पालकांच्या मोबाइलवरील व्हॉट्सॲप गटावर येतात. म्हणजे कोणता गृहपाठ आहे हे लक्षात ठेवण्याचे कामही मुलाकडे उरत नाही. तीन माणसे मिळून ज्याचा व्यवस्थितपणा सांभाळीत आहेत, त्याला तो यावा कसा?

याउलट उदाहरण पाहावयाचे तर ते आपल्याच महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. तेथे जातिधर्माचा भेद न मानता एकत्र राहणारी खेड्यापाड्यांतील मुले स्वयंपाक, झाडलोट आणि शेतातील श्रम स्वतः करून शिकत. ती काही जन्मतः निराळ्या स्वभावाची नव्हती. त्यांच्यावर काम सोपवलेले होते आणि ते दुसरे कोणी करणार नव्हते, एवढाच फरक होता.

माझा पहिला प्रयत्न आणि त्याचे अपयश

हे सारे आज मी शहाणपणाने लिहीत असले, तरी आरंभी मीही चुकलेच. सुट्टी संपताच मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर रंगीत शाईने सुंदर वेळापत्रक तयार केले. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतचा प्रत्येक अर्धा तास त्यात नेमून दिला होता. खेळाला पाऊण तास, अवांतर वाचनाला अर्धा तास. घरी येणाऱ्या पाहुण्यांनी त्याचे कौतुक केले. चौथ्या दिवशी ते कोलमडले.

कारणे उघड होती. एक तर ते वेळापत्रक माझे होते, त्याचे नव्हते. दुसरे, त्यात एकदम वीस सवयी लावण्याचा हट्ट होता. आणि तिसरे, पहिला अर्धा तास चुकला की पुढचा सारा दिवस चुकत असे, त्यामुळे पहाटे साडेपाचलाच तो नापास झालेला असे. वेळापत्रक हे व्यवस्थित माणसाचे साधन आहे. अव्यवस्थित मुलाला ते व्यवस्थित करीत नाही.

मग आम्ही दोघांनी समोरासमोर बसून ठरवले की चार दुखण्यांवर चार लहान उपाय करावयाचे, आणि त्यांपलीकडे काही नाही.

चार दुखणी, चार उपाय

पहिला उपाय गबाळेपणावर. प्रत्येक वस्तूला एक घर द्यावयाचे. त्याच्या सुट्या कागदांसाठी आम्ही एक पुठ्ठ्याची फाईल घेतली. डावीकडच्या कप्प्यात शाळेत द्यावयाचे कागद, उजवीकडच्या कप्प्यात शाळेतून मिळालेले कागद. तिसरा कप्पा मुद्दाम ठेवला नाही. कारण कप्पे वाढले की कोणता कागद कोठे, हा विचार करावा लागतो, आणि विचार करावा लागला की कागद पुन्हा दप्तराच्या तळाशी जातो. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, दप्तर सतरंजीवर पूर्ण रिकामे करावयाचे आणि पुन्हा भरावयाचे.

दुसरा उपाय वेंधळेपणावर. आपण मुलाला एका दमात सांगतो : "हातपाय धू, डबा घासायला टाक, गणवेश बदल, दूध पी आणि मराठीचा निबंध लिहायला बस." तो दूध पितो आणि बाकीचे विसरतो. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी कार्यकारी स्मृतीची कल्पना मांडली. एखादे काम चालू असताना त्यासाठी लागणारी माहिती तात्पुरती धरून ठेवणारी ही स्मृती फार तोकडी असते. मोठ्या माणसालाही तीत एका वेळी चार-पाच गोष्टींपेक्षा फारसे काही धरून ठेवता येत नाही. मुलांची तर ती आणखी लहान. तेव्हा जे डोक्यात मावत नाही ते डोक्याबाहेर ठेवले पाहिजे.

मुंबईचे डबेवाले याचे उत्तम उदाहरण आहेत. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या व्यवसायात एकच डबा वाटेत अनेक हातांतून जातो. कोणता डबा कोणाचा, हे कोणीही पाठ करीत नाही. डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेल्या अक्षरांच्या व आकड्यांच्या खुणांवरून तो कोठे उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर न्यायचा हे कळते. आठवण माणसाच्या डोक्यात नाही, झाकणावर आहे. म्हणूनच ती सहसा चुकत नाही. भावासाठी आम्ही असेच झाकण शोधले. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने स्वतःच्या हाताने वारानुसार वह्या-पुस्तकांची यादी लिहून चिकटवली. रात्री जेवणापूर्वी तिच्यावर बोट ठेवून दप्तर भरावयाचे. आई व मी दप्तराला हात लावावयाचा नाही.

तिसरा उपाय चालढकलीवर. "आज नक्की अभ्यास करीन" हा संकल्प खरा असतो, पण त्याला मुहूर्त नसतो. पीटर गोलविट्झर व व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत ठराविक मुदतीत एक वृत्तांत लिहून पाठवण्यास सांगितले होते. आपण तो नेमका केव्हा आणि कोठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवले होते, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी तो वेळेत लिहिला. ज्यांनी तसे ठरवले नव्हते त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनीच. संकल्प दोघांचाही होता. फरक पडला तो "अमुक झाले की मी तमुक करीन" या जोडणीने.

आमच्या घरात ही जोडणी शोधावी लागली नाही. तिन्हीसांजेला आई देवापुढे दिवा लावते. दिवा लागला की वही उघडावयाची, एवढेच ठरले. घड्याळातील साडेसहा तो विसरत असे. दिवा मात्र डोळ्यांना दिसतो. आणि आरंभ मुद्दामच लहान ठेवला : फक्त तारीख लिहावयाची आणि पहिले उदाहरण उतरवून घ्यावयाचे. "सगळा धडा वाच" असे म्हटले की डोंगर दिसतो. "तारीख लिही" असे म्हटले की पायरी दिसते. बहुतेक दिवशी तारखेनंतर पुढचे आपोआप लिहिले जाई.

चौथा उपाय धांदरटपणावर. त्या विज्ञानाच्या गृहपाठाने शिकवलेला हा धडा. काम करणे आणि काम पोचते करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धांदरट मुलाच्या हिशेबी शेवटचे वाक्य लिहिले की काम संपते. आम्ही गृहपाठाची एक लहान चोपडी केली. विषय, काय करावयाचे, केव्हा द्यावयाचे, असे तीन रकाने. आणि चौथा रकाना "दिला". गृहपाठ शिक्षकांच्या हाती पडल्यावरच त्या रकान्यात बरोबरची खूण करावयाची. ज्या विषयाला गृहपाठ नसेल तेथे "नाही" असे लिहावयाचेच. कारण कोऱ्या जागेवरून गृहपाठ नव्हता की लिहून घ्यावयाचा राहिला, हे कळत नाही.

वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे

वस्तू आणि वेळ यांची घडी बसली तरी एक प्रश्न उरतो. वही उघडून मुलाने करावयाचे काय? बहुतेक मुले पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्यालाच अभ्यास समजतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करावयाच्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजावयाचे. २० मिनिटांनंतर ही बचत ५८ टक्के होती, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नाही. परंतु विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो, हे सूत्र महत्त्वाचे आहे. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या चार तासांपेक्षा त्याच दिवशी संध्याकाळची दहा मिनिटे, दोन दिवसांनी दहा मिनिटे आणि आठवड्याने दहा मिनिटे अधिक मोलाची.

ही दहा मिनिटे कशी वापरावीत, याचे उत्तर हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात मिळते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार बैठकांत वाचला. काहींनी तो एकाच बैठकीत वाचला आणि नंतरच्या तीन बैठकांत पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. पुनःपुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे, असा भ्रम होतो. पुस्तक मिटले की हा भ्रम फिटतो.

येथे आपल्या जुन्या परवचाची आठवण होते. संध्याकाळी दिवा लागला की मुलांनी हातपाय धुऊन पाढे व श्लोक पुस्तकाशिवाय मोठ्याने म्हणावयाचे, हा अनेक मराठी घरांतील प्रघात होता. त्यात अर्थाकडे दुर्लक्ष होई, हा त्याचा दोष निश्चितच होता. परंतु ठरलेल्या खुणेला आरंभ आणि पुस्तकाविना आठवण, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. आम्ही परवचा थोडा बदलून घेतला. रोज झोपण्यापूर्वी भावाने पुस्तक मिटून त्या दिवशीच्या एका धड्यातील पाच गोष्टी स्वतःच्या शब्दांत मला सांगावयाच्या. जे अडले तेवढ्याचसाठी पुस्तक उघडावयाचे. वेळ दहा मिनिटे. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी आल्या. तेव्हा त्याला आणि मलाही कळले की तासभर वाचून प्रत्यक्षात किती झाले होते.

सवय किती दिवसांत लागते?

विल्यम जेम्स यांनी १८९० मधील आपल्या मानसशास्त्राच्या प्रसिद्ध ग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. नवी सवय पक्की होईपर्यंत एकदाही खंड पडू देऊ नये, असा त्यांचा कडक सल्ला आहे. मोठ्या माणसाला तो मानवेल. पण ज्या मुलाचे खंड पडणे हेच दुखणे आहे, त्याला हा सल्ला दिला तर पहिल्या चुकीलाच तो सारे सोडून देईल.

या बाबतीत लंडनमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन दिलासा देणारे आहे. त्यांनी ९६ जणांना रोज एक नवी लहान कृती करावयास सांगितले आणि ती अंगवळणी कशी पडते याची १२ आठवडे नोंद ठेवली. कृती आपोआप होऊ लागण्यास लागणाऱ्या दिवसांची मध्यगा ६६ निघाली. परंतु व्यक्तिव्यक्तींतील अंतर १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत होते. एकवीस दिवसांत सवय लागते, या लोकप्रिय समजुतीला येथे आधार मिळत नाही. दुसरा निष्कर्ष त्याहून मोलाचा आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत लक्षात येण्याजोगा अडथळा आला नाही.

म्हणून आमच्या घरी नियम केला की चूक झाली तर त्या दिवशी चर्चा नाही. दुसऱ्या दिवशी दिवा लागला की वही उघडायची. डिसेंबरात एका लग्नाच्या गडबडीत सलग चार दिवस गेले. जुन्या पद्धतीप्रमाणे मी रागावले असते आणि त्याने "मी असाच आहे" म्हटले असते. पाचव्या दिवशी त्याने आपण होऊन तारीख लिहिली. त्या दिवशी मला प्रथमच वाटले की हे जमेल.

आधार काढून घेण्याची वेळ

इमारतीचे बांधकाम चालू असताना गवंडी भोवती परांची बांधतात. ती भिंतीसाठी असते, पण भिंतीचा भाग नसते. १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचण्यास शिकवताना मोठ्या माणसाची मदत कशी असावी, याचा अभ्यास केला. आणि त्या मदतीला त्यांनी परांचीचेच रूपक वापरले. जेथे मूल अडते तेवढेच धरावे, आणि जमू लागताच हात काढून घ्यावा.

आपल्या घरांत नेमके येथेच चुकते. काही पालक परांची बांधतच नाहीत, आणि भिंत उभी राहत नाही म्हणून रागावतात. काही पालक ती कधी काढतच नाहीत. आम्ही पहिला महिनाभर रोज त्याच्याजवळ बसलो; दुसऱ्या महिन्यात चोपडी आठवड्यातून दोनदा पाहिली; फेब्रुवारीत फक्त रविवारी. सर्वांत अवघड गेले ते आईला. एके दिवशी भूगोलाची वही टेबलावरच राहिली. तो फाटकाबाहेर पडला होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आईने वही उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. त्या दिवशी त्याने वर्गात बोलणी खाल्ली. त्यानंतर भूगोलाची वही राहिली नाही. हा कठोरपणा प्रत्येक वेळी योग्य ठरेल असे नाही. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र राहिले तर ते धावत नेऊनच द्यावे! परंतु जेथे नुकसान लहान आणि शिकवण मोठी, तेथे आपला हात आवरणे हीदेखील मायाच आहे.

मर्यादा

या उपायांनी सगळ्यांचेच काम होईल, असा दावा मात्र करता येणार नाही. काही मुलांच्या अव्यवस्थितपणामागे अवधान-न्यूनता व अतिक्रियाशीलतेचा विकार असतो. १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने विकारांच्या वर्गीकरणात अवधान-न्यूनतेला स्पष्ट स्थान दिले; या विकाराचे निदान मुलींपेक्षा मुलांत अधिक होते. काही मुलांना वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात तिचा समावेश आहे. अनेक महिने मनापासून प्रयत्न करूनही फरक पडत नसेल, आणि अडचण शाळा व घर दोन्हीकडे सारखीच असेल, तर मुलाला दूषणे देत न बसता तज्ज्ञांना दाखवावे. तसेच ज्या घरात एकाच खोलीत सहा माणसे राहतात, तेथे प्रत्येक वस्तूला घर दे असे सांगणे सोपे, करणे कठीण. अशा मुलासाठी शाळेतील एक कप्पा किंवा वस्तीतील अभ्यासिकेची एक जागा, हाच खरा उपाय होय.

शेवटी आमच्या प्रयोगाचे फलित. भाऊ वर्गात पहिला आला नाही. वार्षिक परीक्षेत गुण थोडे वाढले; गणितात तर जवळपास तेवढेच राहिले. मात्र दुसऱ्या सत्रात गृहपाठाविषयीचा शेरा आला नाही. आजही त्याच्या पेनांना टोपणे नसतात, आणि ती सुधारणा आम्ही तूर्त पुढे ढकलली आहे. पण एप्रिलमध्ये शेजारच्या काकूंनी आपल्या सहावीतल्या मुलाविषयी आमच्याकडे तक्रार केली, "काय सांगू, अगदी वेंधळा आहे हो!" तेव्हा माझा भाऊ त्या मुलाकडे वळून म्हणाला, "तुझं दप्तर घेऊन ये. आधी सतरंजीवर रिकामं करू."